ओल कुठली, ते आधी सांगा

पावसाळ्यात ठाण्यात भिंतीला ओल आली की सल्ला फुकट मिळतो आणि तपासणीही. वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येणाऱ्या पत्रकांवर ठळक छापलेलं असतं, ‘मोफत पाहणी’. आमच्या घराची अशी मोफत पाहणी बऱ्याच जणांनी केली, आणि दर वेळी पाहणाऱ्याच्या पिशवीत जे औषध होतं नेमका तोच रोग निघाला.

आमचा फ्लॅट वीसेक वर्षांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला, हॉलच्या बाजूने, पुस्तकांचं मोठं कपाट. आषाढ लागला की कपाटाचं दार उघडताच कुबट वास यायचा, पुठ्ठ्यांवर हिरवट भुरी दिसायची. एकदा कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. शिवाय बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात एक पिवळट डाग, कडेने तपकिरी. आदल्या वर्षी रंगाऱ्याने दोन्हीकडे पुट्टी भरून रंग मारून दिला होता. तो रंग दुसऱ्या पावसात पोपडे धरून खाली आला. घरात सासूबाईंना दमा, त्यामुळे विषय रंगापुरता राहिला नव्हता.

पहिले गृहस्थ बाहेरून कोटिंग करणारे. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, दोन भेगा दाखवल्या आणि म्हणाले, “मॅडम, पश्चिमेचा पाऊस मारतोय. परांची बांधून बाहेरून करावं लागेल.” ज्या भिंतीवर बुरशी होती ती घराच्या मधोमध आहे, तिला ना पश्चिम, ना पाऊस. दुसऱ्यांचा धंदा इपॉक्सीचा. त्यांच्या मते वरच्यांच्या बाथरूमच्या लाद्यांचे सांधे भरले की सगळं थांबेल, बाथरूमचा डागही आणि कपाटामागची बुरशीही. या दोन जागांच्या मध्ये एक अख्खी बेडरूम आहे, तिथे टिपूस नाही, हे त्यांना खटकलं नाही.

तिसरे जरा आधुनिक. हवा ओढून घेणारं छोटं यंत्र घेऊन आले आणि काळे ठिपके पाहताच आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, ही काळी बुरशी आहे. कोविडच्या वेळची आठवते ना?” सासूबाई तिथेच बसलेल्या. 2021 मध्ये ज्या म्युकरमायकोसिसने आपल्याकडे माणसं गेली, डोळे गेले, तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या कोविड रुग्णांना गाठत होता. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी बहुधा वेगळ्याच जातीची असते. केवळ रंगावरून तिची जात सांगता येत नाही, आणि जातीवरून घर किती धोक्याचं तेही ठरत नाही. अमेरिकेतही अशी घबराट होऊन गेली आहे. 1990 च्या दशकात क्लीव्हलंडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि संशय घरातल्या स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीवर गेला. पुढे 2000 साली तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानेच फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नसल्याचं सांगितलं. पण ‘विषारी काळी बुरशी’ हे बिरुद काही पुसलं गेलं नाही. म्हणजे घरातली बुरशी निरुपद्रवी असं नव्हे. ओल आणि बुरशीच्या घरात खोकला, दमा, श्वसनाच्या तक्रारी वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत असंही आहे की बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा देता येत नाही. करायचं ते एवढंच, की ओल राहू द्यायची नाही.

आकडाच नाही, तर हवेचा नमुना घेऊन काय करायचं? आमच्याकडच्या त्या यंत्राचा अहवाल आला असता तर त्यात बुरशीचे बीजाणू सापडलेच असते. जुलैतल्या ठाण्यात ते कुठल्या हवेत नसतात? निदान त्याच वेळी घराबाहेरच्या हवेचाही नमुना घेतला असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून काही बोलता येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं असं, की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घ्यायची गरजच नसते. नमुन्याचे पैसे तिथेच वाचवा. घरातल्या कुणाची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे खालावली असेल आणि डॉक्टरांनीच तपासणी मागितली असेल, तर गोष्ट वेगळी.

शेवटी यांच्या ओळखीतून एक सिव्हिल इंजिनिअर बाई मिळाल्या. त्यांनी फोनवरच सांगितलं, “मी फी घेते, आणि दुरुस्तीचं काम घेत नाही.” घरात दोघातिघांना फी ऐकून नवल वाटलं. ओल बघायचे कसले पैसे? पण ‘काम घेत नाही’ हेच तर आम्हाला हवं होतं. न्यूयॉर्क राज्यात 2016 पासून कायदाच आहे, की बुरशीची पाहणी करणाऱ्याने त्याच ठिकाणचं साफसफाईचं काम घ्यायचं नाही. दोघांचे परवानेही वेगळे. आपल्याकडे परवानाही नाही आणि बंधनही नाही. पाटी लावली की झाला तज्ज्ञ. त्यामुळे हा नियम घरमालकाने स्वतःपुरता पाळायचा.

बाईंनी आल्या आल्या भिंत पाहिलीच नाही. खुर्चीवर बसून प्रश्न विचारले. डाग मार्च-एप्रिलमध्ये असतो का? पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी सुकतो? वरच्या घरी कुणी राहतं की बंद आहे? एसी कधी लावता, कितीवर? कपाट तिथे कधीपासून आहे? यातला मार्च-एप्रिलचा प्रश्न मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत असते. भर उन्हाळ्यातही ओल कायम असेल तर पाणी नळाचं किंवा मोरीचं. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट, गच्ची यांच्याकडे बघायचं. आणि पावसात भिंत ओली, पण पावसाच्या माऱ्याशी तिचा काही संबंधच नाही, असं असेल तर पाणी हवेतून येतंय.

कपाटामागच्या आमच्या भिंतीला नेमकं हेच झालं होतं. बाईंनी हॉलमध्ये आर्द्रतामापक ठेवला : तापमान 29 अंश, आर्द्रता 84 टक्के. अशा हवेचा दवबिंदू 26 अंशांवर येतो. म्हणजे 26 पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी बसणार, थंड सरबताच्या ग्लासावर बसतं तसं. त्या भिंतीच्या पलीकडे बेडरूममध्ये एसी रात्रभर 20 वर. चार इंची भिंत, तिचं हॉलकडचं अंग सकाळीही 24 वर होतं. त्यातून भिंतीला कपाट चिकटलेलं, त्यामुळे मागे हॉलची उबदार हवाही खेळत नव्हती. तेवढा भाग बाकीच्या भिंतीहून गार राहत होता. म्हणून ठिपके कपाटाच्या आकाराचे होते! आम्ही सगळे ते रोज पाहत होतो.

बाईंनी खात्रीसाठी भिंतीच्या एका मोकळ्या तुकड्यावर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक रात्र ठेवायला सांगितला. सकाळी थेंब कागदाच्या खोलीकडच्या अंगाला होते, भिंतीकडचं अंग कोरडं. उलट झालं असतं तर पाणी भिंतीच्या आतून येतंय असं ठरलं असतं. या चाचणीला यंत्र लागत नाही. कुणालाही बोलावण्याआधी प्रत्येकाने ती करून बघावी.

यंत्रांबद्दलही थोडं सांगते, कारण ती पाहून माणूस लवकर भारावतो. ओल मोजायच्या मीटरवरचा टक्का लाकडासाठी असतो. गिलाव्यावर तो नुसता तुलनेपुरता. घरातल्या चांगल्या कोरड्या भिंतीवर आधी तो लावला, तरच ओल्या भिंतीवरच्या आकड्याला अर्थ येतो. भिंतीला लोणा लागला असेल, तर क्षारांमुळे मीटर खोटाच चढतो. लोण्याची पांढरी पूड ही बुरशी नव्हे. पाण्याचा थेंब टाकला की ती विरघळते, बुरशी विरघळत नाही. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. पडद्यावरचा निळा डाग ओलीचा असेल किंवा नुसत्या एसीच्या गारव्याचा. तो दाखवून घाबरवणाऱ्याला ‘इथे मीटर लावा’ म्हणावं.

बाथरूमच्या डागाचा गुन्हेगार वेगळा निघाला, आणि तिथे इपॉक्सीवाले निम्मे बरोबर होते. पाणी वरून येत होतं, पण सांध्यांतून नव्हे. वरच्या काकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. त्यांच्या मोरीचं तोंड कापडाने बंद करून जमिनीवर पाणी तुंबवून ठेवलं, तर आमचं छत दोन दिवस जसंच्या तसं. मग तोंड मोकळं करून रंगीत पाणी सोडलं, तेव्हा आमच्या कोपऱ्यात रंग उतरला. गळत होता तो नहाणी ट्रॅप. सगळ्या लाद्यांचे सांधे भरून घेतले असते तरी तो गळतच राहिला असता.

आता सोसायटी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती हा संस्थेचा खर्च. सदनिकेच्या आतल्या शौचालय, सिंक वगैरेंच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. म्हणजे पाणी कुठून येतं हा नुसता तांत्रिक प्रश्न राहत नाही, पैसे कुणी द्यायचे ते त्यावरून ठरतं. कमिटीपुढे ‘वरून गळतंय’ असं तोंडी म्हटलं की वाद सुरू होतो. आमच्याकडे तारखेसह फोटो होते, मीटरचे आकडे होते, रंगीत पाण्याची चाचणी काकांच्या समोर झालेली होती. चिटणिसांनी अहवाल वाचला आणि पुढचा विषय घेतला. कुणी ‘आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय’ म्हणेल, तर ते वेगळं. ते इमारतीचा सांगाडा पाहतं, तुमच्या कपाटामागे डोकावत नाही.

तेव्हा तपासणाऱ्याकडून लेखी अहवाल मागा, आणि त्यात कारण असलं पाहिजे. ‘बुरशी आढळली’ हे आपल्याला आधीच माहीत असतं. कुठे मोजलं, कोरड्या भिंतीवर किती आलं, पाणी कुठून आलं असं का वाटतं, आणि कुठली शक्यता का बाद केली, एवढं त्यात लिहिलेलं हवं. नको ती म्हणजे मालाची नावं. ज्या अहवालात कारणाआधी एखाद्या रसायनाचा ब्रँड येतो, तो मी दरपत्रक समजते.

जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी हीच तपासणी सौद्याच्या आधी, जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये करून घ्यावी. घरातली एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर तिच्यापाशी जरा जास्त वेळ उभं राहावं, आणि कपाटं हलवून बघायला संकोचू नये. विकणारा कुरकुरला, तर त्यातूनही काहीतरी कळतंच.

साफसफाईत आम्ही ब्लीच वापरलं नाही. गिलाव्यासारख्या सच्छिद्र गोष्टीत बुरशी आत रुजलेली असते. वरून ब्लीच मारल्यावर रंग जातो, बुरशी तशीच राहू शकते, आणि मेलेल्या बुरशीचाही त्रास ॲलर्जीवाल्याला होतोच. शिवाय काहीजण ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळतात, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ते कधीही करू नये. सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं. भिंत ओलसर ठेवून, एन-95 मास्क लावून खराब गिलावा खरवडून काढला. कोरडा झाडू फिरवला असता तर सगळे बीजाणू घरभर झाले असते. कपाटाची प्लायवुडची पाठ फेकून दिली. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे आणि एसी 26 वर. घरातली आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवा, असं परदेशी पुस्तकं सांगतात. उघड्या खिडक्यांच्या घरात जुलैमध्ये ठाण्याला ते होणे नाही. आपण निदान भिंती फार गार होऊ देऊ नयेत आणि कुठल्याही सामानामागे हवा कोंडू देऊ नये. पाणी सांडलं, गळलं, तर दोन दिवसांच्या आत सगळं कोरडं करायचं. त्यापुढे बुरशीला पुरेसा वेळ मिळतो.

दुरुस्ती करणारे दहा वर्षांची गॅरंटी हसत हसत देतात. ती मालाची की गळती थांबण्याची, हे कागदावर विचारून घ्यावं. आम्ही आणि काकांनी मिळून एक अट घातली : नहाणी ट्रॅपचं काम झाल्यावर शेवटचा हप्ता पुढच्या श्रावणात, बाईंनी येऊन त्याच जागी मीटर लावून आकडा लिहिल्यावर. ही अट ऐकून एका ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्याने थोडी घासाघीस करून सही केली. काम त्याला दिलं.