संगणकातील फडताळ

दिवाळीला चार दिवस उरले होते. शेजारच्या घरी आवराआवर चालली होती. माळ्यावरची भांडी खाली आली होती, जुनी वर्तमानपत्रे रद्दीवाल्याच्या तराजूत चढली होती. घरातील सातवीतल्या मुलाच्या वाट्याला काहीच काम आले नव्हते, म्हणून तो ताईच्या संगणकासमोर जाऊन बसला. 'आपण हाही स्वच्छ करावा,' असे त्याच्या मनात आले. ब्राउझर उघडून त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या. पडद्यावर एक यादी आली. तीत जितके चौकोन दिसले, तितक्या सर्वांत त्याने खूण केली, काळ अगदी आरंभापासूनचा निवडला आणि शेवटचे बटण दाबले. क्षणार्धात सारे लख्ख!

सायंकाळी ताई घरी आली. तीन दिवस खपून ती एका संकेतस्थळावर स्पर्धेचा निबंध लिहीत होती. तो निबंध आता तेथे नव्हता. संगणकाच्या कचरापेटीतही नव्हता. कारण अशा रीतीने पुसलेली वस्तू कचरापेटीत जातच नाही.

"अरे, तू नेमके काय काय पुसलेस?" तिने विचारले.

मुलाला उत्तर देता येईना. त्याने यादी वाचलीच नव्हती.

त्या यादीत होते तरी काय? ते समजण्यासाठी प्रथम स्वयंपाकघरात जाऊ. फोडणी देताना आई मोहरीसाठी दर वेळी बाजारात जात नाही. एकदा आणलेली मोहरी हाताशी असलेल्या फडताळात ठेवलेली असते. ब्राउझरही असेच करतो. संकेतस्थळाचे पान म्हणजे एकच वस्तू नव्हे. मजकूर, चित्रे, अक्षरांचे वळण, रंगांची मांडणी असे त्याचे अनेक भाग दूरच्या एखाद्या संगणकावरून येतात. ते पुन्हा पुन्हा आणावे लागू नयेत, म्हणून ब्राउझर त्यांच्या प्रती तुमच्याच संगणकात ठेवून देतो. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. रोख पैशाशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. आयबीएम कंपनीने १९६८ साली जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६० मॉडेल ८५' या संगणकातील हाताजवळच्या जलद स्मृतीलाही हेच नाव होते.

या फडताळाची व्यवस्था मोठी गमतीची आहे. वस्तू पाठवणारा संगणक तिच्याबरोबर बहुधा एक आकडाही पाठवतो. ही प्रत किती सेकंद ताजी समजावी, हे तो आकडा सांगतो. ८६,४०० म्हणजे एक दिवस; ३,१५,३६,००० म्हणजे एक वर्ष. मुदत संपली की ब्राउझर विचारतो, "यात काही बदल झाला का?" बदल नसेल तर '३०४' एवढा सांकेतिक आकडा उत्तरादाखल येतो आणि जुनीच प्रत पुन्हा वापरली जाते. जागा भरत आली की जुन्या प्रती ब्राउझर आपण होऊनच काढून टाकतो. तेव्हा रोज उठून कॅश पुसणे म्हणजे रोज सकाळी मोहरीचा डबा रिकामा करण्यासारखेच आहे. मात्र नव्याजुन्या प्रतींची सरमिसळ होऊन एखादे पान वेडेवाकडे दिसू लागले, किंवा संगणकात जागाच उरली नाही, तर ती अवश्य पुसावी. काहीही बिघडत नाही. मूळ वस्तू तिच्या घरी सुखरूप असते. पुढच्या वेळी पान थोडे सावकाश उघडते, इतकेच.

'कुकी' ही दुसरी वस्तू. नाव बिस्किटाचे असले, तरी काम बिल्ल्याचे आहे. दूरचा संगणक मोठा विसराळू. प्रत्येक वेळी तुम्ही त्याला नवखेच. यावर उपाय म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी तुमच्याजवळ एक लहानशी खूण ठेवण्याची युक्ती योजली. ती पुसली की तुम्ही पुन्हा अनोळखी होता आणि पासवर्ड सांगून आत शिरावे लागते. तो पाठ असेल तर ठीक. पण तो केवळ ब्राउझरनेच जपून ठेवलेला असेल आणि तुम्ही तोही पुसला असेल, तर? वाचनालयातील संगणकावर याच्या उलट चिंता असते. तेथे बिल्ला मागे राहिला, तर पुढे बसणारा तुमच्या नावाने आत जाईल. म्हणून तेथून उठताना खात्यातून बाहेर पडावे आणि कुकी पुसाव्यात.

ताईचा निबंध कोठे होता, ते आता सांगतो. काही संकेतस्थळे अर्धवट लिहिलेला मजकूर आपल्याकडे न नेता तुमच्या ब्राउझरातच ठेवतात. यादीत त्याची निराळी ओळ नसते. कुकीच्याच ओळीत 'साइटचा इतर डेटा' या नावाखाली तो मोडतो. चित्राच्या प्रतीचे मूळ दुसरीकडे असते. या मजकुराचे मूळ तेवढेच, तेथेच.

अपुऱ्या उतरलेल्या फाइलींचे अवशेषही पुष्कळदा मागे राहतात. ते 'डाउनलोड्स' या फोल्डरमध्ये सापडतात. क्रोमच्या अशा फाइलींच्या नावाचा शेवट 'सीआरडाउनलोड' असा, तर फायरफॉक्सच्या फाइलींचा 'पार्ट' असा असतो. काहीही उतरत नाही अशी खात्री करून त्या खुशाल काढाव्यात. 'ही फाइल वापरात आहे' असे संगणक म्हणाला, तर हट्ट करू नये; ब्राउझर बंद करून मग पाहावे. ब्राउझरचे स्वतःचे फोल्डर मात्र हाताने कधीही रिकामे करू नये. जपलेले पासवर्ड आणि वाचनखुणाही तेथेच असतात. आणि 'तुमचा संगणक कचऱ्याने भरला आहे, येथे दाबा' असे ओरडणाऱ्या जाहिरातीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. तुमच्या संगणकात काय आहे, हे त्या बिचारीला ठाऊकही नसते!

ताईने निबंध पुन्हा लिहिला. त्याला आणखी दोन संध्याकाळी लागल्या, आणि या वेळी प्रत्येक परिच्छेद तिने निराळ्या फाइलमध्येही उतरवून ठेवला. पुढे एके दिवशी तिच्याच संगणकावर एक पान नीट दिसेना. मुलाने त्याच तीन कळा दाबल्या, यादीतील एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि प्रत्येक ओळीनंतर विचारले, "ताई, याचे मूळ कोठे आहे?" शेवटी कॅशच्या एकाच चौकोनात खूण राहिली. तेव्हा ताई म्हणाली, "हं, आता दाब."