उन्हातले खरखरीत चट्टे

शेतकऱ्याचे आणि उन्हाचे नाते जन्माचे. उन्हावाचून पीक नाही. पण तेच ऊन वर्षानुवर्षे कातडीवर पडले, तर कातडी बिघडते. ती कशी, ते आज आपण पाहू.

आपल्या कातडीत काळसर रंग असतो. ती जणू आपली अंगचीच छत्री. रंग जितका गडद, तितकी छत्री दाट. म्हणून आपल्याकडे हे चट्टे थोड्यांनाच होतात. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत मात्र ते फार आढळतात.

मग आपल्यात जपायचे कोणी? काही मुले जन्मतःच पांढरी असतात. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. उजेडात डोळे दिपतात. त्यांच्या कातडीत रंग फार थोडा असतो, किंवा मुळीच नसतो. हे कोड नव्हे. हे कुणाचे पापही नव्हे, आणि शिवल्याने ते लागत नाही. पण या लेकरांना अंगची छत्रीच नाही! त्यांना ऐन तरुणपणीही चट्टे उठतात.

चट्टा ओळखावा कसा? नाक, कान, गाल, मान, हाताची मागली बाजू यांवरून बोट फिरवा. सुताराच्या पॉलिश-पेपरासारखे खरखरीत लागते का? खपली निघते अन् पुन्हा धरते का? खालचा ओठ सदा सोललेला असतो का? मग डॉक्टरांना दाखवा.

असा प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. थोड्यांचाच पुढे कर्करोग होतो. पण कोणत्या चट्ट्याचा होईल, हे आधी सांगता येत नाही. चट्टा जाड झाला, दुखू लागला, रक्त आले, तर दिवस दवडू नका. त्यावर बिब्बा घालू नका, चुना लावू नका. डॉक्टर मलम देतात, किंवा चट्टा गोठवून काढतात. वेळीच गेले तर काम सोपे असते.

आता जपायचे कसे? सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंतचे ऊन टाळावे. गांधी टोपीने कान झाकत नाहीत. उपरणे कानांवरून घ्यावे, किंवा रुंद काठाची टोपी घालावी. अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा असावा.

आणखी एक सांगतो. अशा मुलाला गुरांमागे धाडू नका. त्याला शाळेत घाला. त्याची नजर अधू असते. गुरुजींना सांगून फळ्याजवळ बसवा. पुढे शिवणकाम, दुकान, कचेरी असे सावलीतले काम त्याला मिळू द्या. बुद्धीने ते मूल कुणाहून कमी नाही. आपण त्याला सावली द्यायची, एवढेच.