इंजिनाचे इशारा-दिवे : त्यांचा अर्थ व उपाय

बैल रवंथ करीनासा झाला कीं जाणता शेतकरी त्यास त्या दिवशीं जुंपीत नाहीं. मुक्या जनावराचें दुखणें ओळखण्याची ही विद्या आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आली आहे. नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षमळ्यांत व कांद्याच्या वाहतुकींत बैलाची जागा आतां बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरानें व पिकअप गाडीनें घेतली आहे. परंतु यंत्राचें दुखणें ओळखण्याची विद्या त्याच वेगानें आपल्या घरीं आलेली नाहीं. वास्तविक यंत्र आपलें दुखणें चालकासमोरील फलकावर दिवे लावून सांगत असतें. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आभाळ भरून आलें, केवड्याची भीति उभी राहिली आणि फवारणीचा ट्रॅक्टर नेमका त्याच दिवशीं बंद पडला, तर होणारें नुकसान केवळ इंजिनाचें नसतें; तें वर्षाच्या पिकाचें असतें. म्हणून या दिव्यांचा अर्थ व दिवा लागल्यावर करावयाचा उपाय यांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

रंगांची भाषा

तांबडा दिवा म्हणजे ‘ताबडतोब थांबा’. पिंवळा दिवा म्हणजे ‘बिघाड आहे, लौकर लक्ष द्या’. हिरवा व निळा हे केवळ माहिती देतात. त्यांची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. दिव्यांवरील चित्रें आंतरराष्ट्रीय संकेतानें ठरलेलीं आहेत. त्यामुळें शर्यतींत धांवणारी महाग मोटार असो, २०२० सालीं नाशिकच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली नवी थार असो, कीं मळ्यांतला लहान ट्रॅक्टर असो, तेलाच्या झारीचें चित्र सर्वत्र तेंच व त्याचा अर्थही तोच. एका यंत्रावर हें वाचन शिकलें कीं तें सर्वत्र उपयोगी पडतें.

किल्लीची परीक्षा

किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. या वेळीं तेलाचा, बॅटरीचा व इंजिनाचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो थोड्याच वेळांत विझला पाहिजे. जो दिवा या वेळीं लागत नाहीं तो निरोगीपणाची खूण नव्हे. त्याचा बल्ब तरी गेला आहे, तार तरी तुटली आहे, अथवा कोणी तो मुद्दाम काढून ठेवला आहे. जुना ट्रॅक्टर किंवा गाडी विकत घेतांना ही परीक्षा अवश्य करावी. तीस एक पैसाही लागत नाहीं.

तेलाचा तांबडा दिवा

हा दिवा तेल किती आहे हें सांगत नाहीं. तेलाचा दाब गेला आहे, एवढेंच सांगतो. इंजिनांतील फिरता दांडा व त्याचें बेअरिंग यांमध्यें तेलाचा अतिशय पातळ थर असतो. दाब गेला कीं तो थर तुटतो व धातूवर धातू घासूं लागतो. येथें हिशेब तासांचा नसून क्षणांचा आहे. एवढी सरी पुरी करूं, एवढा टँक संपवूं, असा विचार मनांत न आणतां इंजिन बंद करावें. नंतर सपाट जागीं कांहीं मिनिटें थांबून तेल मोजण्याची कांडी पाहावी. तेल कमी असल्यास फिल्टर व खालचा बोल्ट येथें गळती आहे काय तें शोधावें. गळती नसल्यास योग्य प्रतीचें तेल मापापर्यंत भरून मग इंजिन सुरू करून पाहावें. तेल पुरेसें असूनही दिवा लागत असेल, तर इंजिन पुन्हां सुरू करूं नये. दाब दाखविणारें बटणच बिघडलें असण्याचा संभव असतो, पण तें मेकॅनिकनें दाबमापक लावून ठरवावें. आपण तर्कानें ठरवूं नये. इंजिन तापल्यावर मंद चालींत दिवा लुकलुकत असेल, तर तेल पातळ झालें आहे किंवा बेअरिंगें झिजलीं आहेत असें समजावें.

बॅटरीचा दिवा

इंजिन चालू असतां हा दिवा लागल्यास बॅटरीस वीज मिळत नाहीं, असा त्याचा अर्थ. प्रथम पट्टा पाहावा. पुष्कळ इंजिनांत पाणी फिरविणारा पंप त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला असेल तर विजेबरोबर पाण्याचेंही अभिसरण थांबतें व इंजिन थोड्याच वेळांत तापतें. अशा वेळीं पुढें जाणें म्हणजे लहान खर्चाचा मोठा खर्च करणें होय. पट्टा शाबूत असल्यास अनावश्यक दिवे व पंखे बंद करून जवळच्या दुरुस्तीच्या जागीं जातां येतें. मात्र विजेवर चालणाऱ्या नव्या इंजिनांत बॅटरी उतरली कीं इंजिनही थांबतें, हें ध्यानांत ठेवावें.

उष्णतेचा दिवा

चांदवडचा घाट चढणारी भरलेली गाडी किंवा ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर तापला, तर प्रथम त्याचा भार काढावा. पट्टा जागेवर असून वाफ येत नसेल, तर इंजिन मंद चालींत थोडा वेळ ठेवावें, म्हणजे पंखा व पंप उष्णता काढून घेतात. पट्टा तुटला असेल, पाणी गेलें असेल किंवा कांटा खालीं उतरत नसेल, तर मात्र लगेच बंद करावें. रेडिएटरचें झांकण गरम असतां कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांपलीकडे तापूनही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच तें एकदम वाफ होऊन तोंडावर येतें. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यानें हेडास तडा जातो. द्राक्षमळ्यांत पाला, धूळ व फवारणीची भुकटी रेडिएटरच्या जाळींत बसते. ती आंतून बाहेरच्या दिशेनें नियमानें धुवावी. बोअरचें क्षारयुक्त पाणी भरल्यास भांड्याच्या तळाशीं बसतो तसा थर इंजिनाच्या आंत बसतो. म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचेंच मिश्रण वापरावें.

पिंवळा इंजिन-दिवा

कॅलिफोर्नियांत १९८८ सालच्या मोटारींपासून इंजिनानें स्वतःची तपासणी करावी असा नियम झाला, आणि १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस तपासणीची एकच पद्धत लागू झाली. आपल्याकडेही गाड्यांत ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें आली. १ जानेवारी २०२३ पासून सुमारें ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाल्यामुळें तीं इंजिनेंही अशा व्यवस्थेकडे वळलीं आहेत.

या दिव्यामागें एक संकेतांक साठविलेला असतो व तो लहान उपकरण जोडून वाचतां येतो. परंतु संकेतांक म्हणजे निदान नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी ००८७’ हा अंक इंधनाचा दाब कमी असल्याचें सांगतो. त्याचें कारण तुंबलेला फिल्टर, डिझेलांतील पाणी, सैल नळी किंवा पंप, यांपैकीं कोणतेंही असूं शकेल. म्हणून स्वस्त कारण आधीं तपासावें व महाग भाग शेवटीं बदलावा. केवळ अंक पुसून दिवा विझविणें ही दुरुस्ती नव्हे. दिवा स्थिर असेल व चाल नेहमींची असेल तर काम संपवून दाखवावें. पेट्रोल गाडींत तो लुकलुकत असेल तर ठिणगी चुकत आहे असें समजून वेग कमी करावा व शक्य तितक्या लौकर थांबावें. डिझेलांत पाणी असल्याचा दिवा निराळा असतो. तो लागल्यास फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून पाणी काढावें, आणि पावसाळ्यांत अर्धवट भरलेल्या पिंपांत डिझेल सांठवूं नये.

काजळीची गाळणी व युरिया

१ एप्रिल २०२० नंतरच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. मळा ते गांव अशा लहान फेऱ्यांनीं ती तुंबते व पिंवळा दिवा लागतो. पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें मोठ्या रस्त्यावर कांहीं वेळ एकसारख्या वेगानें गाडी चालविल्यास काजळी आंतल्या आंत जळून जाते. दुर्लक्ष केल्यास गाळणी बदलण्याचा भारी खर्च येतो.

कांहीं गाड्यांत युरियाचें द्रावण भरावें लागतें. त्यांत ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व बाकी शुद्ध पाणी असतें. घरांत खताचें पोतें आहे म्हणून तो युरिया पाण्यांत विरघळवून टांकींत ओतणें हें साफ चुकीचें आहे. २०१५ पासून आपल्या खताच्या युरियावर निंबाचा लेप असतो. त्यानें व त्यांतील इतर अशुद्ध द्रव्यांनीं ही सर्व यंत्रणा खराब होते. शिवाय अनुदानाचें खत शेतीखेरीज इतर कामास वापरणें कायद्यानें मना आहे.

चालकास अभय

शेवटीं एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगूं इच्छितों. दिवा लागतो तेव्हां ट्रॅक्टरवर बहुधा मालक नसतो, गडी असतो. काम अडलें म्हणून मालक रागावेल या भीतीनें तो तांबड्या दिव्याकडे काणाडोळा करून सरी पुरी करतो, आणि इंजिन जातें. याकरितां प्रत्येक मालकानें आपल्या चालकास फलकासमोर बसवून हीं चित्रें ओळखावयास शिकवावीं, आणि तांबडा दिवा पाहून जो थांबेल त्यास कोणी बोल लावणार नाहीं असें स्पष्ट शब्दांत सांगावें. यंत्राजवळ एक वही ठेवून कोणता दिवा केव्हां, कोणत्या कामांत लागला याची नोंद करावी. मेकॅनिकचा अर्धा वेळ तीच वांचविते. यंत्र वेळेवर इशारा देत असतें. तो ऐकून थांबण्याची मोकळीक चालकास देणें हें मालकाचें काम आहे.