लसीकरणाची व्याप्ती आणि संरक्षण : वेल्लोरच्या पोलिओ संशोधनाचा धडा

लसीकरणाचे यश मोजताना अहवालांत प्रथम येतो तो व्याप्तीचा आकडा. शंभर बालकांपैकी किती बालकांना ठरलेले डोस मिळाले, हे तो सांगतो. त्यांपैकी किती बालके रोगापासून खरोखर सुरक्षित झाली, हे मात्र तो सांगत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पोलिओच्या बाबतीत त्यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील बालरोगतज्ज्ञ व विषाणुशास्त्रज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या संशोधनातून दिसून आले.

पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. तोंडावाटे द्यावयाच्या मूळ लसीत तिन्ही प्रकारांचे दुर्बल केलेले जिवंत विषाणू असत. ते आतड्यात वाढले तरच शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. पाश्चात्त्य देशांत तीन डोसनंतर जवळजवळ सर्व बालकांत प्रतिपिंडे आढळत, म्हणून तीन डोस पुरेसे मानले गेले. डॉ. जॉन यांनी वेल्लोरच्या बालकांचे रक्त तपासले तेव्हा चित्र वेगळे निघाले. प्रतिपिंडे निर्माण होण्याचे प्रमाण फारच कमी होते. हे निष्कर्ष १९७२ मध्ये अमेरिकेतील साथरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्ण प्रदेशातील बालकांच्या आतड्यात इतर विषाणू असतात व ते लसीला अडथळा करतात, असे एक सोयीचे स्पष्टीकरण तेव्हा दिले जाई. त्या अभ्यासात मात्र असा अडथळा दिसला नाही. १९७६ मध्ये त्यांनी पाच डोस दिलेल्या बालकांवरील अभ्यास ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केला.

पुढे १९९१ मध्ये अन्य दोन संशोधकांसह त्यांनी विकसनशील देशांतील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तीन डोसनंतर प्रतिपिंडे आढळलेल्या बालकांचे प्रमाण पहिल्या प्रकारासाठी सुमारे ७३ टक्के, दुसऱ्यासाठी ९० टक्के आणि तिसऱ्यासाठी ७० टक्के होते. लसीतील दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आतड्यात इतर दोघांवर मात करतो, हे या तफावतीचे एक कारण होय.

निष्कर्ष अडचणीचा होता. कारण तो मान्य केल्यास डोसांची संख्या, खर्च आणि मनुष्यबळ हे सारेच वाढणार होते. दोष केवळ लस थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा असता, तर उपाय सोपा होता. डॉ. जॉन मात्र निदानावर थांबले नाहीत. ठराविक दिवशी एका भागातील सर्व लहान मुलांना एकाच वेळी डोस देण्याची पद्धत वेल्लोरमध्ये राबवली गेली आणि पोलिओ आटोक्यात आला. त्याचा वृत्तांत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेळी असंख्य मुलांच्या आतड्यात लसीचा विषाणू वाढला, की रोगाच्या विषाणूला आसरा उरत नाही, हे यामागील तत्त्व. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. मधली बारा वर्षे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावीत.

मोहीम सुरू झाल्यानंतरही उत्तर प्रदेश व बिहारमध्ये रोग हटेना. पालक सहकार्य करीत नाहीत, असे म्हटले जाई. काही ठिकाणी ते खरेही होते. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार पहिल्या प्रकारच्या पोलिओविरुद्ध एका डोसची परिणामकारकता उत्तर प्रदेशात अवघी ९ टक्के, तर या दोन राज्यांबाहेरील भारतात सुमारे २१ टक्के होती. प्रत्येक डोसचा परिणाम स्वतंत्र धरून हिशेब करून पाहावा. तीन डोसनंतर उत्तर प्रदेशातील सुमारे २५ टक्के मुले सुरक्षित होतात, इतरत्र सुमारे ५१ टक्के. दहा डोसनंतर हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ६१ व ९० टक्के होते. दहा वेळा लस घेतलेल्या मुलालाही पोलिओ झाला, तर त्याच्या मातेला दोष कसा द्यावा?

दाट वस्ती, अस्वच्छता आणि वारंवार होणारा अतिसार ही या घसरणीमागील कारणे मानली गेली. उपाय लसीतही शोधला गेला. २००५ पासून एकाच प्रकारची आणि २०१० पासून पहिल्या व तिसऱ्या प्रकारांची द्विसंयुजी लस वापरात आली. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. अखेरचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नोंदवला गेला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

डॉ. जॉन टोचून द्यावयाच्या निष्क्रिय लसीचा आग्रह दीर्घकाळ धरत आले होते. कारण तोंडावाटे दिलेला जिवंत विषाणू क्वचित स्वतःच पक्षाघात घडवतो. ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे द्यावयाच्या लसीतून दुसऱ्या प्रकाराचा विषाणू वगळण्यात आला.