सायलेन्सर बदलताना क्रम चुकू नये

मोटारीचा सायलेन्सर बाहेरून गंजतो, तसा आतूनही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी जवळच्याच फेऱ्या मारत असेल तर नळी पुरेशी तापत नाही. वाफेचे पाणी होऊन डब्याच्या तळाशी साचते आणि पत्रा पोखरते. गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधल्या वाटांवरचा चिखल क्लॅम्पवर बसून ओल धरतो, त्याने गंज आणखी वाढतो.

घरच्या दुरुस्तीत पहिला धोका जमिनीचा. सारवलेल्या किंवा मुरूम टाकलेल्या अंगणात पावसानंतर जॅक एका बाजूने खचतो. म्हणून गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घ्यावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, चाकांना ठोकळे लावावेत आणि उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

दुसरी चूक गंजलेल्या नटावर जोर लावण्याची. बोल्ट आट्यातच तुटतो आणि पान्याचे काम ड्रिलवर जाते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी तारेच्या ब्रशने आटे घासून मगच पाना लावावा. रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सरकतात. शेवटचा हँगर काढताना डब्याला खालून आधार हवा.

नवा सायलेन्सर त्याच मॉडेलचा आणि गॅस्केट नवे घ्यावे. सगळे जोड आधी सैल बसवावेत, नळी ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांपासून मोकळी आहे ना हे पाहावे, मग पुढून मागे आवळत यावे. एक जोड आधीच आवळला की नळी तिरकी राहते आणि गतिरोधकावर बॉडीला आपटते.

इंजिन उघड्यावरच सुरू करावे. बंद शेडमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो. थंड जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. थोडी गाडी चालवून, ती थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोल टाकीजवळचे वेल्डिंग ही कामे गॅरेजचीच. सायलेन्सर काढून किंवा पोकळ करून गाडी चालवू नये: मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाज व धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.