उन्हावरची गाडी दिवसाला किती पळते?

“छतावर सोलर असलेली गाडी घेतली की पेट्रोल नको, लाइट बिल नको,” असं हल्ली ऐकायला मिळतं. गटातून कर्ज काढून अशी गाडी घ्यायचा विचार निघाला, तर सही करण्याआधी हा हिशोब करून बघा. लाइट बिलातलं युनिट जिला कळतं, तिला हाही जमतो.

१) छतावरून वीज किती?
छोट्या गाडीच्या छतावर जागा थोडीच. समजा, ३०० वॉटचं पॅनेल बसलं. चांगल्या उन्हाचे ५ तास धरले, तर ३०० × ५ = १५००, म्हणजे दीड युनिट. पण गाडीचं छत आडवं, त्यावर धूळ बसते, पॅनेल तापलं की वीज घटते. हाती साधारण १ युनिट धरा.

२) एका युनिटात किती किलोमीटर?
हलकी गाडी साधारण १० ते १२ किमी जाते. म्हणजे दिवसभराच्या उन्हावर १० किमीच्या आसपास. पुण्याच्या वायवे मोबिलिटी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत ‘इव्हा’ ही गाडी सादर केली. तिच्या सौर छतावर वर्षाला ३००० किमीपर्यंत जाता येतं, असं कंपनी सांगते. ३६५ ने भागा, दिवसाला ८ किमी येतात.

३) मग १२५ आणि २५० किमी कुठून आले?
ते बॅटरीचे आकडे. ‘इव्हा’ची ९ युनिटची बॅटरी १२५ किमी आणि १८ युनिटची २५० किमी, असं कंपनी सांगते. ती बॅटरी मुख्यतः प्लग लावूनच भरायची. शिवाय घाट, खराब रस्ता, एसी, भरलेली गाडी यांनी अंतर कमी होतं. बॅटरी पार संपवायचीही नसते. म्हणून १२५ सांगितले तर ८०–८५ धरून चाला.

४) आपला हिशोब
बाजार १८ किमीवर असेल, तर एक फेरी ३६ किमी.
• आठवड्याला ३ फेऱ्या: १०८ किमी. उन्हाचे ७० किमी. उरलेल्या ३८ किमीला प्लगवरून सुमारे ४ युनिट.
• आठवड्याला ६ फेऱ्या: २१६ किमी. उरलेल्या १४६ किमीला सुमारे १५ युनिट.
हे सातही दिवस गाडी उन्हात उभी राहिली तर! झाडाखाली किंवा शेडमध्ये लावली, की छताची कमाई जवळपास बंद. पावसाळ्यातही ती बरीच घटते.

५) घराचं छत मोठं
घरावरचं १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ४० किमीची वीज. पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया:
• आपल्या फेऱ्या आठवड्याला किती किमीच्या?
• गाडी दिवसा कुठे उभी राहील?
• माल किती न्यायचा? ‘इव्हा’त दोन मोठी माणसं आणि एक मूल बसतं, पोती न्यायची तर मालवाहू गाडीच बघावी लागेल.

उत्तरं इतिवृत्तात लिहा, मगच कर्जाचा ठराव घ्या.