आपल्या गावाचा रस्ता

मुलांनो, तुम्ही रोज कोणत्या रस्त्याने शाळेत येता? तो डांबरी आहे की कच्चा? पावसाळ्यात त्यावर पाणी साचते का? हा रस्ता कोणी बांधला आणि त्यासाठी पैसे कोठून आले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

आपल्या देशातील रस्त्यांचा पहिला मोठा आराखडा १९४३ साली नागपूर येथे तयार झाला. त्यात रस्त्यांचे वर्ग ठरवण्यात आले. आज महाराष्ट्रात राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. गावातील गल्ल्यांची काळजी ग्रामपंचायत घेते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी रस्ता कोणाचा आहे, हे विचारावे.

रस्त्यासाठी पैसा अनेक वाटांनी येतो. आपण घरपट्टी भरतो, ती ग्रामपंचायतीला मिळते. राज्य व केंद्र सरकार निधी देतात. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यामुळे अनेक खेड्यांना बारमाही रस्ते मिळाले. या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला पुढील पाच वर्षे त्याची देखभालही करावी लागते.

पण पैसा आपोआप येत नाही. आधी ग्रामसभेत ठराव होतो. मग अभियंता रस्त्याची मोजणी करून खर्चाचे अंदाजपत्रक तयार करतो. मंजुरी मिळाल्यावर काम सुरू होते. म्हणजे रस्त्याची सुरुवात रोलरने होत नाही, ग्रामसभेत होते.

माझ्या लहानपणीची गोष्ट सांगतो. आमचे गाव आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा होता. त्याला पूर आला की आमची शाळा बुडायची. माझी धाकटी बहीण सहावीत होती. त्या वर्षी पावसाळ्यात ती कितीतरी दिवस घरीच राहिली आणि अभ्यासात मागे पडली. अब्बा म्हणाले, “पुरे झाली आता तिची शाळा.”

त्याच सुमारास ग्रामसभा भरली. रस्ता डांबरी करावा, असे बहुतेकांचे म्हणणे होते. तेव्हा माझी दादी उठून उभी राहिली. ती म्हणाली, “सरपंचसाहेब, डांबर नंतर टाका. आधी पाण्याला वाट द्या. पाण्याला वाट मिळाली, तर माणसाला मिळेल.”

सभा शांत झाली. दादीचे म्हणणे खरे होते. पाणी हा रस्त्याचा मोठा शत्रू आहे. म्हणूनच रस्ता मधे थोडा उंच ठेवतात आणि बाजूला गटारे काढतात. गटार नसेल, तर चांगले डांबरही उखडते.

ओढ्यावर मोरी बांधण्याचा ठराव झाला. ग्रामपंचायतीच्या पैशातून मोरी झाली. दोन्ही बाजूंच्या भरावासाठी मात्र पैसे उरले नाहीत. मग ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते, त्यांनी मुरूम आणला. डिझेलसाठी वर्गणी काढली. बाकीच्यांनी श्रमदान केले. एका शेतकऱ्याच्या बांधाची थोडी जमीन लागत होती. तो आधी तयार नव्हता. शेवटी म्हणाला, “माझीही नात याच वाटेने जाणार आहे. घ्या.”

पुढच्या पावसाळ्यात बहिणीची शाळा एक दिवसही बुडाली नाही. त्याच वाटेने जाऊन ती दहावी उत्तीर्ण झाली.

मुलांनो, तुम्ही अजून मतदार नाही. पण डोळे उघडे ठेवून चालू शकता. कोठे खड्डा आहे, कोठे गटार तुंबले आहे, ते वहीत लिहा. ग्रामसभेच्या दिवशी ती वही घरातील मोठ्या माणसांच्या हाती द्या.

शब्दार्थ
बारमाही – वर्षभर चालणारा
ठराव – सभेने घेतलेला लेखी निर्णय
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी केलेला मार्ग
मुरूम – रस्त्यावर पसरण्याची जाडसर, कठीण माती
श्रमदान – मोबदला न घेता केलेले काम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : गावातील गल्ल्यांची काळजी कोण घेते?
२. कारण सांगा : दादीने आधी डांबर टाकू नका, असे का म्हटले?
३. तुमच्या शाळेजवळील रस्त्याच्या दुरुस्तीसाठी सरपंचांना किंवा नगराध्यक्षांना अर्ज लिहा.